मुंबई ते लंडन : अंतर, काळ आणि वाटेतले थांबे

मुंबई आणि लंडन या दोन शहरांमध्ये पृथ्वीच्या गोलावर मोजले तर सुमारे ७,२०० किलोमीटरचे अंतर आहे आणि ते अर्थातच कधी बदललेले नाही. बदलत गेला तो ते तोडायला लागणारा काळ, जो अठराव्या शतकाच्या अखेरीस पाच-सहा महिन्यांचा होता आणि आज नऊ-दहा तासांचा आहे. या घटीचे श्रेय सामान्यतः यंत्रांच्या वेगाला दिले जाते, आणि शिडाच्या जहाजापासून जेट विमानापर्यंतची चढती भाजणी पाहता ते स्वाभाविकही वाटते. परंतु या मार्गाचा इतिहास बारकाईने पाहिला, तर वेगाइतकेच, किंबहुना काही कालखंडांत वेगाहून अधिक महत्त्व दुसऱ्याच गोष्टीला होते असे दिसते : वाटेत कुठे थांबता येईल, तिथे कोळसा, पाणी किंवा पेट्रोल कोण पुरवील, आणि खालच्या भूमीवर ज्याची सत्ता आहे तो पुढे जाऊ देईल की नाही. या प्रश्नांची उत्तरे जसजशी बदलली तसतशी ही वाट कधी आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून गेली, कधी इजिप्तच्या वाळवंटातून, कधी इराणी आखाताच्या काठाकाठाने, आणि तिच्या मुंबईकडच्या दाराची जागासुद्धा एकदा कराचीने घेतली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला मार्ग केप ऑफ गुड होपला वळसा घालणारा होता. त्याची लांबी सुमारे १०,७०० सागरी मैल भरे. सागरी मैल म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर, तेव्हा हा प्रवास वीस हजार किलोमीटरच्या घरात जातो. मात्र शिडाच्या जहाजाला मैलांपेक्षा वाऱ्याशी अधिक कर्तव्य असे. नैर्ऋत्य मोसमी वारे गाठून हिंदी महासागर ओलांडायचा आणि परतताना त्यांच्या उलट ऋतूची वाट पाहायची, या हिशेबात प्रस्थानाचा महिना चुकला तर पोहोचण्याचे वर्ष चुके. मुंबईच्या गव्हर्नराने लंडनच्या संचालकांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हाती पडायला वर्ष सहज लागे, आणि कंपनीच्या हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्यांनी लढाया आधी करून परवानग्या मागाहून मिळवल्या त्यामागे महत्त्वाकांक्षेइतकाच या विलंबाचाही हात होता.

मराठ्यांच्या राजकारणाला या अंतराचा अनुभव लवकरच आला. पेशवेपदासाठी इंग्रजांचे साहाय्य शोधणाऱ्या रघुनाथरावांनी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि त्याच्याबरोबर मणियार नावाचा पारशी असे दूत लंडनला पाठवले. ते १७८१ मध्ये तिथे होते, आणि परक्या मुलखात सोवळ्याओवळ्याने राहू पाहणाऱ्या त्या वकिलाची सोय पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनी आपल्या बीकन्सफील्ड येथील घरी केली. ही वकिली विलायतेत चालू असताना आणि ती मंडळी मायदेशी परतेपर्यंत इकडचे राजकारण १७८२ च्या सालबाईच्या तहाकडे सरकले होते आणि त्या तहाने रघुनाथरावांचा दावा निकालात काढला. पुढे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडण्यासाठी गेलेले रंगो बापूजी गुप्ते सुमारे चौदा वर्षे, म्हणजे १८५३ पर्यंत, लंडनमध्ये राहिले. दरम्यान १८४७ मध्ये प्रतापसिंहांचा काशीला अंत झाला आणि पुढच्याच वर्षी साताऱ्याचे राज्यही खालसा झाले. रंगो बापूजींच्या काळात मात्र टपाल पूर्वीपेक्षा पुष्कळ वेगाने येऊ-जाऊ लागली होती, आणि तरीही त्यांच्या पदरी काही पडले नाही, यावरून विलंबाला सर्व अपयशाचे कारण ठरवणेही योग्य नाही हे ध्यानात येते.

या वेगवाढीची सुरुवात मुंबईच्याच गोदीत झाली. मुंबईच्या वाडिया घराण्यातील जहाजबांधकांनी १८२९ मध्ये 'ह्यू लिंडसे' नावाची ४११ टनांची आगबोट बांधली आणि २० मार्च १८३० रोजी ती कमांडर जॉन विल्सन याच्या हाताखाली मुंबईहून सुएझला निघाली. वाऱ्याच्या भरवशावर न राहता तांबडा समुद्र चढून जाता येतो, हे सिद्ध करणे हा या सफरीचा उद्देश होता, कारण त्या चिंचोळ्या समुद्राच्या उत्तर भागात वर्षाचा बराच काळ वारा उत्तरेकडूनच वाहतो आणि शिडाच्या जहाजांना तो तोंडावर घेत पुढे सरकावे लागे. बोट ३३ दिवसांत सुएझला पोहोचली; पण तिची खरी अडचण वेगाची नव्हती. तिच्या कोठारात साधारण पाच-साडेपाच दिवसांचा कोळसा मावावा अशी तिची रचना होती आणि एडनपर्यंतचा पहिलाच टप्पा त्याच्या दुपटीचा होता, म्हणून कोळशाचे ढीग डेकवर, केबिनमध्ये, जिथे म्हणून जागा सापडेल तिथे रचण्यात आले. एडनला ती पोहोचली तेव्हा कोळसा संपत आला होता, आणि एकूण ३३ दिवसांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास काळ वाटेतल्या बंदरांवर कोळसा भरण्यात गेला. त्यातही हा कोळसा ब्रिटनमधल्या खाणींतला, आणि तो मुंबईपर्यंत आणला होता शिडाच्या जहाजांनी, केपला वळसा घालून. म्हणजे नवा जलद मार्ग चालू ठेवण्यासाठी जुना संथ मार्ग राबत होता.

कोळशाच्या या अडचणीतून एक राजकीय घटना घडली, जिच्याकडे साम्राज्याच्या इतिहासात पाहिले जाते पण प्रवासाच्या इतिहासात सहसा पाहिले जात नाही. मुंबई आणि सुएझ यांच्या अर्ध्या वाटेवर कोळशाचा कायमचा साठा हवा, या गरजेपोटी मुंबई सरकारने एडनवर नजर ठेवली, एका जहाजाच्या लुटीचे निमित्त पुढे केले आणि १९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन हेन्स याच्या आरमारी तुकडीने ते बंदर जिंकून घेतले. तेव्हापासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. मुंबईपासून तीन हजार किलोमीटरवरचे, अरबस्तानातले एक उजाड ज्वालामुखीय बंदर जवळपास एक शतकभर पुणे-ठाण्याच्या जोडीने एकाच गव्हर्नराच्या अमलाखाली राहावे, याचे मूळ आगबोटीच्या भट्टीत आहे.

सुएझपासून पुढचा टप्पा जमिनीवरचा होता, म्हणून या मार्गाला 'ओव्हरलँड' म्हणजे खुष्कीचा मार्ग असे नाव पडले, जरी त्यातला खुष्कीचा भाग एकूण प्रवासाच्या मानाने अगदी लहान होता. टॉमस वॅघॉर्न या माजी आरमारी माणसाने या मार्गाच्या प्रचारासाठी आयुष्य खर्ची घातले. सुएझ ते कैरो हे सुमारे १३५ किलोमीटरचे वाळवंट घोड्यांच्या गाड्यांतून, टप्प्याटप्प्यावर बांधलेल्या विश्रामगृहांत घोडे बदलत ओलांडायचे; तिथून नाईल नदीने आणि महमुदिया कालव्याने अलेक्झांड्रियाला जायचे आणि भूमध्य समुद्रातली बोट गाठायची, असा हा क्रम होता. प्रवाशांचे सामान, टपालाच्या पेट्या आणि सुएझला लागणारा कोळसा उंटांच्या पाठीवरून जाई. मुंबई ते लंडन हा प्रवास यामुळे दीड महिन्याच्या आसपास आला. मुंबईच्या गोदीतले तरुण अभियंते आर्देसर कर्सेटजी वाडिया हे १८३९ मध्ये याच वाटेने इंग्लंडला गेले, त्यांची या प्रवासाची दैनंदिनी पुढच्या वर्षी लंडनमध्ये छापली गेली आणि १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मुंबई-सुएझ टप्प्याची टपाल दीर्घकाळ कंपनीच्या आरमाराकडे होती. १८५० च्या दशकाच्या मध्यात ती पेनिन्सुलर अँड ओरिएंटल, म्हणजे लोकांच्या तोंडी 'पी. अँड ओ.' या कंपनीकडे गेली. १८५८ मध्ये कैरो ते सुएझ रेल्वे झाली आणि घोडागाड्यांचा काळ संपला.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला, तेव्हा मुंबई-लंडन सागरी मार्ग सुमारे १०,७०० सागरी मैलांवरून ६,३०० सागरी मैलांच्या आत आला. सागरी अंतर खरोखरच कमी होण्याची या इतिहासातली ही एकमेव घटना. तरीही तिचा परिणाम सर्वांवर सारखा झाला नाही : तांबड्या समुद्रातले वारे शिडांना पूर्वीइतकेच प्रतिकूल राहिल्यामुळे कालव्याचा लाभ आगबोटींनाच झाला आणि शिडाची व्यापारी जहाजे या मार्गावरून हळूहळू हटली. कालव्याच्या आगेमागेच आणखी तीन गोष्टी घडून आल्या. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून लोहमार्ग देशावर चढला आणि मार्च १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता सलग आगगाडी सुरू झाली, त्यामुळे उत्तर हिंदुस्थान आणि बंगालची विलायती टपालही मुंबईलाच उतरू लागली; १८७० मध्येच एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर या मार्गाने समुद्रतळावरची तारायंत्राची केबल मुंबईला येऊन पोहोचली; आणि १८७१ मध्ये आल्प्स पर्वतातला मों सनी बोगदा खुला होऊन लंडनची टपाल आगगाडीने थेट इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंडिसी बंदरापर्यंत धावू लागली. यांतली केबल सर्वांत क्रांतिकारक मानावी लागेल, कारण तिच्यामुळे बातमी आणि माणूस यांची फारकत झाली. कापसाचा लिव्हरपूलचा भाव आता मुंबईच्या व्यापाऱ्याला त्याच दिवशी कळू शके, पण तो व्यापारी स्वतः लिव्हरपूलला जायचा झाला तर त्याला तीन आठवडे लागत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत मुंबईचा आठवडा 'मेल'च्या दिवसाभोवती फिरत असे. बोट येण्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस ठरलेला, त्याआधीची रात्र कचेऱ्यांत पत्रे लिहिण्यात जाई, आणि पुढे बॅलार्ड पिअरवर धक्क्यालगतच स्थानक झाल्यामुळे प्रवासी बोटीतून उतरून थेट दिल्ली-पेशावरच्या गाडीत बसू शकत. तारायंत्र, आगगाडी आणि बोट ज्याच्या-त्याच्या वेळापत्रकाने चालत असताना वेळ कोणती धरायची हा प्रश्नही उभा राहिला. १९०६ मध्ये ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईच्या नगरपालिकेने त्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत हट्टाने जपली.

बोटीने लागणाऱ्या काळाचे दोन प्रकार होते आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. संपूर्ण प्रवास समुद्रातून, म्हणजे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून केला तर सुमारे तीन आठवडे लागत. १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकर यांना कैदी म्हणून हिंदुस्थानात आणले गेले तो प्रवास याचे उदाहरण आहे : 'मोरिया' बोट १ जुलैला टेम्स नदीच्या मुखाजवळच्या टिलबरीहून निघाली, ८ जुलैला मार्सेय बंदरात त्यांनी समुद्रात घेतलेली उडी इतिहासप्रसिद्ध आहे, एडनला त्यांना 'सालसेट' या बोटीवर चढवण्यात आले आणि २२ जुलैला ते मुंबईत पोहोचले. एडनला बोट बदलण्याचे कारण असे की ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या मोठ्या बोटी मुंबईला वळसा घेऊन जात नसत, आणि मुंबईची टपाल व उतारू यांच्यासाठी साष्टीचेच इंग्रजी नाव धारण करणारी ही वेगवान बोट एडन-मुंबई अशी ये-जा करी. दुसरा प्रकार श्रीमंतांचा, अधिकाऱ्यांचा आणि घाईत असलेल्यांचा : मार्सेय किंवा ब्रिंडिसीला उतरून उरलेला युरोप आगगाडीने ओलांडायचा, म्हणजे आठवडाभर वाचे. गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर १५ ऑगस्ट १९३१ रोजी 'मुलतान' बोटीने मुंबईहून निघाले आणि २९ ऑगस्टला लंडनला पोहोचले. त्याच दिवशी महात्मा गांधींनी मुंबईहून 'राजपुताना' बोट पकडली आणि १२ सप्टेंबरला ते लंडनमध्ये होते. दोघांनाही बरोबर चौदा दिवस लागले. वेगवान बोटी आणि आगगाड्या यांची जोडी यापेक्षा फारसे काही देऊ शकत नव्हती.

परंतु १९३१ मध्ये चौदा दिवसांची ही वाट जुनी ठरू लागलीही होती. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन-कराची नियमित हवाई सेवा सुरू केली होती. सात दिवसांच्या या प्रवासाचे भाडे १३० पौंड होते आणि त्याला हवाई प्रवास म्हणण्यापेक्षा अनेक वाहनांची माळ म्हणणे अधिक यथार्थ ठरेल : लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून बाझेलपर्यंत विमान, बाझेलहून आल्प्स ओलांडून जिनोआपर्यंत आगगाडी, जिनोआहून भूमध्य समुद्रावरून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान, आणि तिथून गाझा, इराकच्या वाळवंटातले रुतबा, बगदाद, बसरा व इराणचा किनारा असे टप्पे घेत कराचीपर्यंत तीन इंजिनांचे हर्क्युलिस विमान. रात्री विमाने उडत नसत, म्हणून दर संध्याकाळी उतारूंना हॉटेलात किंवा तटबंदीच्या विश्रामगृहात मुक्काम करावा लागे. हे टप्पे कुणी अभियंत्याने सोयीचे म्हणून निवडले होते असे नाही. इराणने आपल्या किनाऱ्यावरून उडण्याची परवानगी बऱ्याच वाटाघाटींनंतर आणि मर्यादित मुदतीसाठी दिली होती. ती संपल्यावर १९३२ मध्ये संपूर्ण मार्ग आखाताच्या पलीकडच्या, ब्रिटिश प्रभावाखालच्या अरबी काठावर हलवावा लागला आणि कुवेत, बहरीन, शारजा ही नावे प्रथमच आंतरराष्ट्रीय हवाई नकाशावर आली. आज प्रवाशांच्या गर्दीने ओसंडणाऱ्या आखाती विमानतळांच्या इतिहासाची पहिली ओळ इराणच्या या नकारात सापडते.

या नव्या मार्गात मुंबईला जागा नव्हती. आखाताच्या काठाने येणाऱ्या विमानाला हिंदुस्थानची पहिली भूमी सिंध-मकरानची लागत असल्याने कराची हे हवेतले दार झाले, डिसेंबर १९२९ मध्ये सेवा तिथून दिल्लीला वाढवण्यात आली, आणि साठ वर्षे सबंध हिंदुस्थानची टपाल उतरवून घेणाऱ्या मुंबईला विलायतेची हवाई टपाल कराचीहून मागवण्याची पाळी आली. ही उणीव भरून काढण्याची कल्पना दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या, ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेल्या नेव्हिल विन्सेंट याची. तिला पाठबळ मिळाले जे. आर. डी. टाटा यांचे, जे १९२९ मध्ये हिंदुस्थानात वैमानिकाचा परवाना मिळवणारे पहिले होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी स्वतः एका इंजिनाचे पस मॉथ विमान कराचीच्या द्रिग रोडवरून उडवले, अहमदाबादला पेट्रोल घेतले आणि दुपारी जुहूच्या मैदानावर ते उतरवले; पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा विन्सेंटने बेल्लारीमार्गे पार पाडला. विमानात टपाल होती, उतारू नव्हते. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रकाठची मऊ जमीन, आणि पावसाळ्यात तिच्यावर पाणी साचे, म्हणून त्या चार महिन्यांत विमाने पुण्याला उतरत. सरकारने या सेवेला अनुदान दिले नाही, वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला दिला. भारतातल्या नियमित नागरी विमानवाहतुकीचा पाया अशा रीतीने पत्रांच्या वजनावर घातला गेला.

१९३८ मध्ये 'एम्पायर एअर मेल' योजना हिंदुस्थानला लागू झाली. साम्राज्यातले साधे पत्र जादा आकार न घेता विमानानेच न्यायचे, हा तिचा गाभा होता आणि त्यासाठी इम्पीरियल एअरवेजने शॉर्ट कंपनीची मोठी उडती जहाजे, म्हणजे पाण्यावरून उडून पाण्यावरच उतरणारी विमाने, घेतली होती. धावपट्ट्या बांधण्याचा खर्च यामुळे वाचे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून निघालेले विमान तीन-चार दिवसांत कराचीला येई आणि तिथून राजसमंद, ग्वाल्हेर असे राजपुताना-मध्य हिंदुस्थानातल्या तलावांवर उतरत कलकत्त्याकडे जाई. अथांग बंदर लाभलेल्या मुंबईला पाण्यावर उतरणाऱ्या या विमानांनीही वगळावे, यात थोडी थट्टा आहे. परंतु कराची-कलकत्ता-सिंगापूर या रेषेवर मुंबई पडत नव्हती हे त्याचे साधे कारण. तिला टाटांच्या विमानांचा जोडमार्ग पुरे, असे ठरले.

दुसऱ्या महायुद्धाने शंभर वर्षांची प्रगती काही काळ पुसून टाकली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला, भूमध्य समुद्र बंद झाला आणि लंडनहून निघालेली पत्रे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. डर्बन बंदरात ती उडत्या जहाजांवर चढवली जात आणि कैरो, कराची, कलकत्ता या अर्धवर्तुळाकार मार्गाने पूर्वेकडे जात, ज्याला त्याच्या आकारावरून घोड्याच्या नालेचा मार्ग म्हटले जाई. विन्सेंट १९४२ मध्ये इंग्लंडहून परतीच्या प्रवासात विमानासह नाहीसा झाला. युद्ध संपले तेव्हा मात्र जगभर काँक्रीटच्या लांब धावपट्ट्या तयार होत्या, त्यांत मुंबईची सांताक्रूझची होती, आणि चार इंजिनांची अशी विमाने होती जी हजारो किलोमीटर न थांबता जाऊ शकत. १९४७ मध्ये कराची पाकिस्तानात गेली. हवेतल्या दाराची मुंबईकडून कराचीने घेतलेली जागा अशा रीतीने राजकीय फाळणीने रिकामी झाली आणि ती पुन्हा मुंबईकडे आली.

८ मार्च १९४८ रोजी सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली आणि तीनच महिन्यांनी, मंगळवार ८ जून रोजी रात्री, 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघाले. कॅप्टन के. आर. गुझदर वैमानिक होते, उतारूंत जे. आर. डी. टाटा आणि नवानगरचे जामसाहेब होते, आणि एकेरी भाडे १,७२० रुपये होते, जे त्या काळी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याच्या पुष्कळ बाहेर होते. कैरो आणि जिनिव्हा असे दोनच थांबे घेऊन विमान १० जूनला लंडनला उतरले. सात दिवसांची मजल सुमारे दीड दिवसावर आली, ती निव्वळ वेगाने नव्हे : ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडणारे हे विमान रात्रीही उडत राही आणि डझनभर थांब्यांऐवजी दोनच घेई, ही त्यातली निम्मी बाजू.

उरलेल्या दोन थांब्यांचीही एक किंमत होती. जिनिव्हा आल्प्सच्या पायथ्याशी आहे आणि दक्षिणेकडून तिथे उतरताना मों ब्लांचे शिखर वाटेत येते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच 'मलबार प्रिन्सेस' विमान त्या शिखरावर आदळले आणि ४८ जण ठार झाले, ज्यांत ब्रिटनमधल्या बोटीवर रुजू होण्यासाठी निघालेल्या भारतीय खलाशांचा मोठा भरणा होता. समुद्रावर काम करणारी माणसे बोटीपर्यंत पोहोचण्यासाठी विमानाने जाऊ लागली होती, हे वाहतुकीच्या इतिहासातले लहानसे पण बोलके चिन्ह आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरूतमार्गे जिनिव्हाला उतरत असताना त्याच डोंगरावर जवळपास त्याच ठिकाणी आदळले. ११७ मृतांमध्ये अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. विमानाच्या स्थानाविषयी वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात झालेला गैरसमज हे या अपघाताचे कारण ठरले.

जेट विमानाचा काळ भारतात १९६० मध्ये एअर इंडियाच्या बोइंग ७०७ ने आला. त्याआधी १९५२ पासून ब्रिटिश कॉमेट विमाने लंडन-कोलंबो मार्गावर मुंबईला येत होती, आणि त्यांतल्या एकाने १९५३ मध्ये सांताक्रूझ समजून शेजारच्या जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरण्याचा पराक्रमही केला होता. ताशी नऊशे किलोमीटरच्या वेगाने मुंबई-लंडन प्रवास एका दिवसाच्या आत आला, बोटींचे उतारू भराभर कमी झाले, आणि १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धाने सुएझ कालवा आठ वर्षांसाठी बंद करून उरलेल्या बोटींना पुन्हा केपची वाट दाखवली, तेव्हा मुंबईच्या विलायती प्रवासी बोटींचे प्रकरण बहुतांशी आटोपलेच होते. मालवाहू जहाजांना मात्र त्या वाटेपासून सुटका नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर न्हावा-शेवाहून युरोपला जाणाऱ्या अनेक कंटेनर जहाजांनी आफ्रिकेलाच वळसा घातला. हवेत मात्र १९७१ मध्ये बोइंग ७४७ आले आणि पुढच्या काही दशकांत मुंबई-लंडन मार्गावरचे थांबे गळून पडले.

थांबे संपल्यावर प्रथमच सरळ रेषेला व्यवहारात अर्थ आला. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावरच्या रेषेने जात नाही. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल पृष्ठभागाला जिथे छेदते त्या वर्तुळावरून, म्हणजे बृहद्वर्तुळावरून, तो जातो. मुंबई-लंडन बृहद्वर्तुळ सौराष्ट्रावरून निघून बलुचिस्तान, इराणचा सीस्तान भाग आणि कॅस्पियन समुद्राचा दक्षिण काठ ओलांडते. त्याचा मध्यबिंदू जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या जवळ पडतो. पुढे ते क्रिमिया, पश्चिम युक्रेन आणि मध्य युरोपवरून लंडनला पोहोचते. गेल्या पन्नास वर्षांच्या युद्धांची आणि वैरांची यादी करायची झाली तर तिच्यातली कितीतरी नावे या एका रेषेवर सापडतात. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरच्या आकाशाचे पूर्ण स्वामित्व दिले आहे, आणि न उतरता वरून जाण्याचा हक्क, ज्याला हवाई वाहतुकीच्या परिभाषेत 'पहिले स्वातंत्र्य' म्हणतात, तो देणे वा रोखणे त्या राष्ट्राच्या हाती आहे. १९७१ ते १९७६ या काळात भारत आणि पाकिस्तान यांची विमाने एकमेकांच्या आकाशातून जात नव्हती. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवरच्या भारताच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने साडेचार महिने आकाश बंद ठेवले. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे.

आज मुंबईहून लंडनला जाताना साधारण नऊ ते दहा तास लागतात आणि येताना त्याहून तासाभराने कमी, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरकस वारा, ज्याला जेट प्रवाह म्हणतात, जाताना तोंडावर असतो आणि येताना पाठीशी. शिडाच्या जहाजांच्या कप्तानांना ऋतूचा जो हिशेब करावा लागे, त्याचे हे तासाभराचे अवशिष्ट रूप आहे. २४ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या हल्ल्यानंतर बिघडलेल्या संबंधांत, पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले आणि भारतानेही तसेच उत्तर दिले. भारतातून उत्तर अमेरिकेकडे जाणाऱ्या काही उड्डाणांना त्यामुळे व्हिएन्नासारख्या शहरी निव्वळ इंधनासाठी उतरावे लागले. मुंबई समुद्रकाठी असल्याने तिला दिल्लीच्या मानाने लहान वळसा पुरतो : भारतीय विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने निघते आणि अरबस्तानावरून उत्तरेला वळते, तर ही बंदी लागू नसलेल्या परदेशी कंपनीच्या विमानाला, तिने तसे ठरवल्यास, बलुचिस्तानवरून जाता येते, आणि त्याच धावपट्टीवरून त्याच शहराकडे निघालेल्या या दोन विमानांच्या वाटा, इंधन आणि तास एकमेकांशी जुळत नाहीत.